तटाबाहेरची खुर्ची

मी एक जुनी घडीची खुर्ची आहे. मला पाठ नाही आणि हातही नाहीत. कात्रीसारखे एकमेकांवर आडवे गेलेले लोखंडी पाय आणि वर ताणून शिवलेले शेळीचे कातडे, एवढेच माझे अंग. घडी घातली की मी माणसाच्या काखेत मावायचे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, खुर्चीला कसले आले आयुष्य? कोणी बसतो, कोणी उठतो. तेही खरेच. पण माझ्यावर बसणारा माणूस रोमच्या फौजेचा सेनापती होता, आणि तो गेल्यावर त्याची आठवण धरून बसणारे फारसे कोणी उरले नाही. म्हणून मी सांगते.

माझा जन्म रोमजवळच्या सबाइन डोंगरातल्या एका लहानशा गावात, पाक्कियस लोहाराच्या भट्टीपुढे झाला. मला घडवायला सांगितले ते हेरेनिया नावाच्या बाईने. तिच्या नवऱ्याला, नुमेरियस टर्पिलियसला, उत्तर सरहद्दीवरच्या डॅन्यूब नदीकाठच्या छावणीवर सेनापती म्हणून जायचे होते.

"रोममधल्या बड्या घरचे सेनापती हस्तिदंती खुर्च्या घेऊन जातात म्हणे," ती लोहाराला म्हणाली. "आमच्याकडे कुठलं आलंय हस्तिदंत? पण खुर्ची मजबूत झाली पाहिजे."

"बाई, हत्ती बसला तरी वाकणार नाही," पाक्कियस म्हणाला.

"हत्ती नको. माझा नवराच बसणार आहे. आणि तो तर काडीसारखा आहे."

माझे कातडे तिने स्वतः शिवले. नुमेरियस निघाला त्या सकाळी तिने मला त्याच्या काखेत दिले आणि त्यांच्या लहान मुलीला, टर्पिलियाला, कडेवर घेऊन ती वळणापर्यंत चालत आली. मी तिला पाहिले ते तेवढेच.

नुमेरियस खेचरे विकणाऱ्याचा मुलगा होता. त्याचा बाप फौजेला खेचरे पुरवायचा, आणि पोरगा त्या खेचरांच्या मागे चालत चालत फौजेतच राहिला. साध्या शिपायापासून तो वर चढत गेला होता. सेनापती झाला तेव्हा त्याच्या कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते. अशी माणसे त्या पदावर क्वचितच पोहोचत. छावणीतले सैनिक त्याला पाठीमागे 'खेचरवाला' म्हणत. त्याला ते ठाऊक होते, आणि तो ऐकून न ऐकल्यासारखे करी.

रोज संध्याकाळी तो मला तंबूसमोर मांडायचा आणि बसायचा. कोणाला काही सांगायचे असेल तर त्याने यावे आणि सांगावे, अशी त्याची रीत होती. कोणाचे जोडे फाटलेले असत, कोणाला घरची खबर हवी असे. कोणी नुसताच गाऱ्हाणे मांडत बसे. तो सगळे ऐकून घ्यायचा.

त्याच्या हाताखाली लार्टियस नावाचा एक तरुण अधिकारी होता. रोमच्या मोठ्या सभेत बसणाऱ्या घराण्यातला, ताठ मानेचा, शब्दाला पक्का. त्याचा धाकटा भाऊ स्पुरियस त्याच छावणीत घोडेस्वारांचा नायक होता. लार्टियसला नुमेरियसची रीत मुळीच पसंत नव्हती.

"सेनापती, खुर्ची उचलायला नोकर आहेत," तो एकदा म्हणाला.

"आहेत ना," नुमेरियस म्हणाला. "पण हिला माझ्या काखेची सवय झालीय."

स्पुरियस खो खो हसला. लार्टियस हसला नाही, पण भावाच्या हसण्याकडे बघताना त्याचा चेहरा मऊ झाला. त्याचे त्या भावावर फार प्रेम होते.

त्या वर्षी उन्हाळा सरता सरता नदीवरून मद्याच्या घागरी घेऊन एक व्यापारी आला. तो सबाइन डोंगराकडचा होता. नुमेरियस माझ्यावर बसला होता. व्यापारी त्याच्यासमोर उभा राहिला आणि खाली बघत म्हणाला, "हेरेनियाबाई गेल्या. ताप आला होता. मुलगी मावशीकडे आहे, बरी आहे."

नुमेरियस उठला नाही.  त्याचे सगळे वजन एकदम माझ्यावर आले, इतके की पाक्कियसने ठोकलेली खीळ करकरली. हेरेनियाने शिवलेल्या कातड्यावर तो बसला होता, आणि त्या टाक्यांच्या कडेवरून त्याचा अंगठा पुन्हा पुन्हा फिरत होता.

खबर छावणीभर पसरली. त्या संध्याकाळी कोणीही गाऱ्हाणे घेऊन आले नाही. अधिकारी लांबूनच वळून गेले. दुःखात असलेल्या सेनापतीशी काय बोलायचे, हे कोणालाच सुचेना.

फक्त चौथ्या तुकडीतला टाप्पो आला. टाप्पो हा पो नदीच्या दलदलीतला मासेमार, तोंडाचा पट्टा कधी बंद नसलेला. तो दिवसभर नदीवर होता, खबर त्याच्या कानी आली नव्हती. त्याला जोडे हवे होते. जोडे वर करून तो बोलायला लागला, मग त्याने सेनापतीच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि तो थांबला.  मग तिथेच जमिनीवर मांडी घालून बसला आणि म्हणाला, "आमच्याकडे वाम मासा कसा पकडतात, ठाऊक आहे का तुम्हाला? हातातून निसटतो हो लेकाचा. आधी हाताला राख चोळावी लागते."

आणि तो उजेड जाईपर्यंत वाम माशांबद्दल बोलत राहिला.  टाप्पो उठला तेव्हा नुमेरियस म्हणाला, "जोडे उद्या घेऊन जा."

पानगळ झाली. नदीपलीकडच्या टोळ्या अलीकडे येऊन धान्य लुटून नेत, म्हणून नुमेरियसने नदी पायी ओलांडता येते त्या उताराच्या जागी चौथी तुकडी उभी केली, आणि तिच्या बाजूला स्पुरियसचे घोडेस्वार. एका सकाळी टोळीवाले आले. वाटले होते त्याच्या कितीतरी पट आले. पाणी गुडघ्याइतकेच होते, ते धावतच पार झाले. चौथ्या तुकडीची फळी फुटली. ढाली टाकून माणसे पळाली. घोडेस्वारांची बाजू उघडी पडली, आणि स्पुरियस तिथेच पडला.

पळालेली माणसे दुपारी छावणीत परतली. ती कोणाच्या नजरेला नजर देत नव्हती. टाप्पोही त्यांच्यात होता, आणि तो गप्प होता.

मित्रांनो, त्या फौजेत एक फार जुना नियम होता. पळून आलेल्या तुकडीत चिठ्ठ्या टाकायच्या आणि दर दहावा माणूस बाहेर काढायचा. मग उरलेल्या नऊ जणांनीच त्याला काठ्यांनी मारायचे, मरेपर्यंत. काल ज्याच्याबरोबर एका भांड्यातून जेवले, त्यालाच. जे वाचतील त्यांना गव्हाऐवजी जव खायला घालायचे आणि छावणीच्या तटाबाहेर उघड्यावर मुक्काम करायला लावायचे.

लार्टियस तंबूसमोर आला. त्याच्या कपड्यांवर चिखल तसाच होता.

"काठ्या तयार ठेवायला सांगू का?"

"बस, लार्टियस," नुमेरियस म्हणाला.

"मला बसायचं नाही. माझा भाऊ अजून पाण्यात पडलाय."

"त्याला आणायला मी माणसं पाठवलीत."

"ही माणसं पळाली नसती तर ती वेळच आली नसती. नियम आहे, सेनापती. तो तुम्ही केलेला नाही आणि मीही नाही. नियम पाळा."

नुमेरियसने नदीकडे पाहिले. "त्यांना त्या जागी उभं कोणी केलं?"

"तुम्ही."

"हो, मीच. नदी तिथे उथळ आहे हे मला माहीत होतं. इतकी उथळ असेल असं वाटलं नव्हतं. मग पहिली चिठ्ठी माझ्या नावाची टाकायची का?"

"शब्दांत घोळवू नका मला!" लार्टियस ओरडला.  "स्पुरियस पळाला नाही. तो उभा राहिला. पळालेला जगणार आणि उभा राहिलेला मरणार असेल, तर उद्या कोण उभं राहील? सांगा ना!"

 लार्टियस निघून गेला आणि नुमेरियस तिथेच बसून राहिला. बाहेरून बघणाऱ्याला तो दगडासारखा स्थिर दिसत असेल. पण त्याच्या टाचा माझ्या लोखंडी पायांवर घट्ट दाबलेल्या होत्या. ते मला कळत होते. त्या दिवशी त्याच्याइतका एकटा माणूस त्या नदीच्या दोन्ही काठांवर नसेल.

दुसऱ्या दिवशी सगळी फौज मैदानात उभी राहिली. मध्ये चौथी तुकडी, उघड्या डोक्याने. नुमेरियस पुढे झाला.

"चौथी तुकडी जव खाईल," तो म्हणाला. "चौथी तुकडी तटाबाहेर राहील. चिठ्ठ्या टाकल्या जाणार नाहीत."

कुजबुज उठली. ती थांबेपर्यंत तो थांबला.

"आणि ज्याने त्यांना चुकीच्या जागी उभं केलं, तोही बाहेर राहील."

असे म्हणून त्याने माझी घडी घातली, मला काखेत मारले आणि तो छावणीच्या दारातून बाहेर चालू लागला. मागून चौथी तुकडी निघाली. तटावरून सगळे बघत होते. कोणीतरी थुंकल्याचा आवाज आला.

तटाबाहेर, नदीकडे उतरणाऱ्या एका उंचवट्यावर, आमचा मुक्काम पडला. पहिल्या संध्याकाळी जवाची पेज शिजली. नुमेरियसने आपले भांडे पुढे केले. सगळे त्या भांड्याकडे बघत होते. शेवटी टाप्पोला राहवले नाही.

"सेनापती, तुम्ही खरंच जव खाणार?"

"खाणार."

"तुमचं काय बिघडतंय? खेचरवाल्याच्या घरी जवाचीच पोती असणार. तुमचं तर हे घरचं जेवण! सवय करावी लागणार ती आम्हालाच."

सगळ्यांची भांडी तोंडाशीच थांबली. तोंडावर त्याला खेचरवाला आजवर कोणी म्हटले नव्हते. नुमेरियसने पेजेचा घोट घेतला, तोंड वाकडे केले आणि म्हणाला, "पाणी वाढव रे. आमची खेचरं इतकी घट्ट खात नव्हती."

मग ते सगळे हसले. काही जण हसता हसता रडले.

हिवाळा चढत गेला. वाऱ्याने माझे लोखंड इतके गार पडे की हात लावला तर कातडी चिकटायची. नुमेरियस तसाच रोज संध्याकाळी बसायचा. ऐकायला आता एकच तुकडी होती. स्पुरियसची कबर त्याने त्याच माणसांकडून खणून घेतली, उंचवट्याच्या टोकाला. दगड लावला त्या दिवशी लार्टियस तटाबाहेर आला. माती ओढणाऱ्या माणसांकडे त्याने पाहिले. ती माणसे मान वर करू शकत नव्हती. तो तसाच परत गेला. त्यानंतर तो रोज सकाळी तटावर येऊन उभा राहायचा. कबरीकडे बघायचा की आमच्याकडे, ते मला कधी कळले नाही.

मग नदी गोठली, आणि एका सकाळी धुके उतरले. इतके दाट की जवळची शेकोटी नुसती लालसर डागासारखी दिसावी. बर्फावर पावले वाजत होती. प्रथम ऐकली ती टाप्पोने.

"सेनापती, हे आपले लोक नव्हेत," तो हळूच म्हणाला.

नुमेरियस उठला. तटावरून कोणीतरी ओरडले, "दार उघडतो, आत या! पळा आत!"

मित्रांनो, चौथ्या तुकडीच्या प्रत्येक माणसाने त्या वेळी दाराकडे पाहिले. पळायची वाट मोकळी होती, आणि या खेपेला तर पळायला वरूनच सांगत होते.

"दार उघडू नका!" नुमेरियस ओरडला. "आम्ही आत शिरलो तर आमच्या पाठीवर तेही शिरतील. लार्टियस! आहेस का तिथे?"

उत्तर आले नाही.

"तू पूर्वेच्या दाराने बाहेर पड आणि त्यांना बाजूने गाठ. तोवर आम्ही इथे थोपवून धरतो."

तरीही उत्तर आले नाही. धुक्यात तट दिसत नव्हता, तटावरचा माणूस तर नाहीच. लार्टियसला भावाचा सूड हवा असता तर त्याने काहीच करायची गरज नव्हती. नुसते उभे राहायचे.

"येईल का हो तो?" टाप्पोने विचारले.

"येईल."

"कशावरून म्हणता?"

"मला माहीत नाही. ढाल वर धर."

ते आले. पुढचे मला नीट सांगता येत नाही, कारण मी लाथेने उडाले आणि आडवी पडले. ओरडणे ऐकू येत होते, लाकूड फुटल्याचे आवाज येत होते. बर्फावर पडणाऱ्याचा एक वेगळाच आवाज येतो, तोही सारखा येत होता. मागे मात्र कोणी सरकत नव्हते. मध्येच टाप्पोची तलवार गेली असावी. त्याने हाताला लागलेली वस्तू उचलली, ती मी होते. त्याने माझी घडी घातली आणि मला एकाच्या डोक्यात हाणले. पाक्कियसने शब्द दिला होता तो हत्तीसाठी, टोळीवाल्याच्या शिरस्त्राणासाठी नव्हे. माझा एक पाय वाकला. तेव्हापासून मी डुगडुगते.

फार वेळ गेला, असे मला वाटले. मग पूर्वेकडून शिंग वाजले. लार्टियस आला होता.

धुके वर चढले तेव्हा छावणी वाचली होती. चौथ्या तुकडीतली माणसे मात्र उंचवट्यावर जिथल्या तिथे पडली होती, स्पुरियसच्या कबरीभोवती तर एकावर एक. टाप्पो जिवंत होता. त्याच्या डाव्या हाताची बोटे गेली होती, आणि तो अजूनही बडबडत होता, पण काय बोलतोय ते कोणाला कळत नव्हते. लार्टियस धापा टाकत आला. त्याने त्या पडलेल्या माणसांकडे पाहिले, मग नुमेरियसकडे.

"उरलेल्यांना गहू द्यायला सांगतो," तो म्हणाला.

"सांग," नुमेरियस म्हणाला.

तुम्हाला वाटेल, आता रोममध्ये मिरवणूक निघाली असेल, फुले उधळली असतील. बोलावणे आले खरे, पण ते जाब द्यायला. सेनापतीने फौजेचा नियम मोडला, आणि सेनापतिपदाची शान घालवून शिक्षा झालेल्या माणसांत तो राहिला, असा आरोप होता. लार्टियसच्या घराण्यानेच तो केला होता. रोममध्ये मोठ्या सभेच्या बाहेरच्या दालनात नुमेरियस माझ्यावर बसून होता. आत लार्टियसला प्रश्न विचारलेला मी ऐकला.

"नियम मोडला का?"

"मोडला."

बस्स. एवढेच विचारले आणि एवढेच उत्तर आले. लार्टियस बाहेर पडला तो आमच्यासमोरूनच, खाली बघत. नदीवरचा विजय सम्राटाच्या पुण्याईने मिळाला, असे जाहीर झाले. नुमेरियसला तुरुंग नाही, दंड नाही. नुसते सांगितले, घरी जा.

आम्ही घरी आलो. गावच्या चौकात त्याच्या पुतळ्यासाठी दगडी ओटा बांधून तयार होता. विजयाची पहिली खबर आली तेव्हा गावकऱ्यांनी तो उत्साहाने बांधला होता. आता त्या ओट्यावर पुतळा नव्हता, एक शेळी बसलेली होती. पुढे गावाने तो ओटा मध्ये कोरून जनावरांना पाणी पाजायची डोण केली. नुमेरियसने ते पाहिले आणि म्हणाला, "हे बरं झालं. खेचरांना पाण्याची सोय नव्हतीच." पण त्या दिवशी तो जेवला नाही.

आमच्याकडे रीत अशी, की मानाच्या माणसाकडे लोक सकाळी नमस्काराला येतात. कोणी काम घेऊन येतो, कोणी नुसता तोंड दाखवायला. नुमेरियस रोज पहाटे उठायचा, पांढरा शुभ्र झगा नीट चुण्या पाडून अंगावर घ्यायचा, मला दाराशी मांडायचा आणि बसायचा. रस्त्याने माणसे जायची. काही दुसऱ्या बाजूने जायची. सम्राटाच्या मनातून उतरलेल्या माणसाच्या दारात दिसायची कोणाची इच्छा नव्हती.

मावशीकडून परत आणलेली टर्पिलिया वर्षागणिक मोठी होत होती. ती बाहेर यायची. "बाबा, आत चला. आज कोणी यायचं नाही."

"येतील गं. रस्त्यावर चिखल असेल."

"बाबा, उन्हाळा चालू आहे."

"मग ऊन असेल," तो म्हणायचा, आणि बसून राहायचा.

अशी वर्षे गेली, मित्रांनो. युद्धात मी घाबरले होते, थंडीत गारठले होते, पण त्या दारातल्या सकाळींइतके जड मला कधीच काही वाटले नाही. त्याचे वजन मात्र दर वर्षी कमी होत होते. माझ्यावर कोणी बसले आहे की नुसता झगा ठेवला आहे, असे वाटावे, इतके.

आणि मग ऑलिव्हची झाडे काठ्यांनी झोडपून फळे पाडायच्या दिवसांत एक माणूस चढण चढून वर आला. गाडी त्याने खालीच सोडली होती. केस विरळ झालेले, खांदे उतरलेले. मी त्याला ओळखले नाही. टर्पिलिया त्याच्या आडवी आली.

"कोण आपण?"

"लार्टियस."

तिचा चेहरा कडक झाला. "बाबा झोपलेत."

तिचे बाबा तिच्या मागेच, दारात, माझ्यावर बसलेले होते.

"टर्पिलिया, मी जागा आहे," नुमेरियस म्हणाला. "येऊ दे त्याला."

"बसायला काही नाही आपल्याकडे," ती म्हणाली. घरात दोन बाकडी होती, ती मला चांगली माहीत होती.

तेव्हा नुमेरियस उठला. भिंतीला हात लावत उठला, मला लार्टियसपुढे सरकवले आणि स्वतः खाली उंबऱ्यावर बसला. "बस. जरा डुगडुगते, सांभाळून."

लार्टियस उभाच राहिला. मग अगदी कडेला बसला, जणू मी तापलेली आहे.

"माझ्याकडेही अशी एक खुर्ची होती," तो म्हणाला. "मलाही पुढे फौज मिळाली. पूर्वेकडे. तिथे एक तुकडी पळाली."

नुमेरियसने वर त्याच्याकडे पाहिले.

"मी नियम पाळला. खुर्चीवर बसून पाहिलं सगळं. त्यात दोघे सख्खे भाऊ होते. एकाची चिठ्ठी निघाली. काठी दुसऱ्याच्या हातात होती. परत आल्यावर मी ती खुर्ची जाळायला सांगितली."

खाली वाडीत फळे झोडपणाऱ्यांच्या काठ्यांचा आवाज येत होता. लार्टियस तो ऐकून दचकत होता, हे मला त्याच्या वजनावरून कळत होते. नुमेरियसच्याही ते ध्यानात आले. त्याने मुलीला सांगितले, "त्यांना म्हणावं, आजच्या दिवस काम बंद ठेवा."

आवाज थांबला.

"त्या दिवशी सभेपुढे," लार्टियस म्हणाला, "मला त्या सकाळच्या धुक्याबद्दल कोणी विचारलं नाही."

"न विचारता सांगता आलं असतं तुला."

"आलं असतं."

"मग?"

"स्पुरियस मेला होता. कोणाला तरी त्याची किंमत चुकवायला लागावी, असं वाटत होतं."

नुमेरियसने मान हलवली. त्याने माफ केले असे म्हटले नाही, आणि नाही असेही म्हटले नाही. तो म्हणाला, "तू शिंग वाजवलंस तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. ते तुला सांगायचं राहूनच गेलं."

लार्टियसने तोंड झाकून घेतले.

मग हळूहळू तो नदीकडच्या गोष्टी सांगू लागला. टाप्पो तिथेच स्थायिक झाला होता, उरलेल्या बोटांनी वाम पकडत होता. त्याला पोरे झाली होती. आमच्या मुक्कामाच्या उंचवट्याला सैनिक अजून 'खेचरवाल्याची बाजू' म्हणत. "नवीन पोरांना वाटतं, तिथे पूर्वी खेचरं बांधत असतील," लार्टियस म्हणाला. यावर नुमेरियस इतका हसला की त्याला खोकला आला. टर्पिलियाने भाकरी, चीज आणि ऑलिव्ह आणून ठेवले. लार्टियसपुढे भांडे आपटतच ठेवले.

"खा. बाबा म्हणतात म्हणून," ती म्हणाली.

तो अंधार पडेपर्यंत बसला. जाताना म्हणाला, "पुढच्या सुगीला येतो."

तो आला. पण तोवर नुमेरियस गेला होता. थंडीच्या अखेरीस, एका सकाळी झगा अंगावर घेता घेता. लार्टियस आला तेव्हा टर्पिलियाने मला त्याच्यापुढे मांडले. तो माझ्यावर बसला नाही. माझ्या शेजारी जमिनीवर बसला.

"मी सभेत धुक्याबद्दल बोललो शेवटी," तो म्हणाला. "सम्राट बदललाय आता. निम्मे लोक जेवायला उठून गेले होते. उरलेल्यांनी विचारलं, कुठलं धुकं?"

 मग टर्पिलियाही खाली बसली.

त्यानंतरचे माझे आयुष्य थोडक्यात सांगण्यासारखे आहे. टर्पिलिया होती तोवर तिने मला पुसले, तेल लावले. ती गेल्यावर मी कोठारात गेले. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. कातडे कुजले, टाके उसवले. मग कोठार पडले आणि मी मातीखाली गेले. खाली किती काळ होते, ते मला सांगता येणार नाही. मातीत कोणी बोलत नाही. नांगर लागला तेव्हा मी पुन्हा उजेडात आले. आता मला काचेच्या पेटीत ठेवले आहे. खाली पाटी आहे : 'घडीची खुर्ची. लोखंड. मालक अज्ञात.' शाळेतली मुले येतात, पाटी वाचतात आणि पुढच्या दालनात जातात. तिथे मोठमोठे पुतळे आहेत.

माझी चांगली काळजी घेतात. गंज चढू देत नाहीत, धूळ बसू देत नाहीत. पण मी खुर्ची आहे, आणि माझ्यावर बसायला मनाई आहे.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे सांगून मी थांबले असते. पण मला दुसरेच सांगायचे आहे. तुमच्या ओळखीत एखादे असे घर असेल, जिथे पूर्वी माणसांची ये-जा होती आणि आता नाही. तिथला माणूस नीट कपडे घालून दाराशी बसत असेल. त्याच्याशी काय बोलावे, हे तुम्हाला सुचणार नाही. न सुचले तरी चालेल. तुम्हाला उशीर झाला असेल, तोही चालेल. जा, आणि तो म्हणेल तिथे थोडा वेळ बसा.